ओईएम साहेबांची वाट बघताना

धर्माची गाय, दात का नाय, असं विचारू नये म्हणतात. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या वाचनालयाला तीन संगणक धर्माचे आले, आम्ही ठेवून घेतले, आणि एकदाही त्यांचे दात बघितले नाहीत. वर्षं सुखात गेली. यंदा मार्च संपला आणि हिशेब तपासनिसांचं पत्र आलं. डेड स्टॉक रजिस्टरात प्रत्येक संगणकाचा अनुक्रमांक, रॅम किती आणि किती पट्ट्यांत, नेटवर्क कार्ड कुठलं, हे सगळं भरून ठेवावं. म्हणजे दातच मोजायचे होते, ते पण अक्कलदाढेसकट.

पत्र कन्नडमध्ये, रजिस्टरचे रकाने इंग्रजीत आणि भरणारा मी मराठी शाळेचा निवृत्त गणित मास्तर. ह्यात आमच्याकडं कुणाला नवल वाटत नाही. आमच्या गल्लीत दूधवाल्याशी कन्नडमध्ये, भाजीवालीशी मराठीत आणि कुत्र्याशी इंग्रजीत बोलायची पद्धत आहे.

काम माझ्याच गळ्यात का पडलं, तर त्या जुन्या यंत्रांवर नवीन विंडोज चालेना तेव्हा बंगळूरच्या भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत तिन्हींवर लिनक्स बसवून दिलं होतं, आणि त्या वेळी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मी बसलो होतो. एवढ्या भांडवलावर चिटणीसांनी मला तज्ज्ञ करून टाकलं. "मास्तर, तुमचं ते काळं पडद्याचं काय आहे, त्यात बघा की. सगळं दिसतंय म्हणता न्हवं?"

दिसतं, हे खरं आहे. लिनक्समध्ये एलएसएचडब्ल्यू नावाची एक आज्ञा आहे. 'एलएस' म्हणजे यादी, 'एचडब्ल्यू' म्हणजे हार्डवेअर. ती टाइप केली की यंत्राच्या पोटात काय काय आहे त्याचा पाढा वाचला जातो. एवढी अक्षरं कोण लक्षात ठेवणार, म्हणून मी तिचं 'यादी' असं टोपणनाव करून ठेवलं होतं. इंग्रजी वायएडीआय, एंटर, झालं.

पहिल्या यंत्रावर 'यादी' म्हणालो. पाढा आला. मेमरी: आठ जीबी. बरं. पट्ट्या किती? त्याखाली काहीच नाही. अनुक्रमांक? तो रकानाच नाही. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. शिवाय दुसऱ्या यंत्रात आम्ही मागाहून एक वायफायचं कार्ड बसवलं होतं, त्याच्यासमोर मोठ्या अक्षरात 'अनक्लेम्ड'.

मी निदान केलं: आज्ञेत बग आहे. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यावर माणसाची अशी खात्री होते, की चूक नेहमी समोरच्याची असते.

चिटणीस मागं उभे होते. त्यांच्या शंकेसाठी मी 'फ्री' ही दुसरी आज्ञा देऊन बघितली. तिनं मेमरी सात पूर्णांक सहा सांगितली. "आठातलं उरलेलं कुणी खाल्लं?" ह्या प्रश्नात माझ्याकडं बघणं होतं. मदरबोर्डवरचं चित्र दाखवणारं यंत्र आपल्यासाठी थोडी मेमरी बाजूला काढून ठेवतं, असं मी समजावलं. "दानात पण कट होय?" म्हणाले, पण मनातून माझ्यावरचा संशय गेला नसावा.

मग म्हटलं, रॅमच्या पट्ट्या दिसत नाहीत म्हणजे नीट टेकल्या नसतील. डबा उघडला. आत धुळीची एवढी जाड गोधडी, की पंख्याची पाती मोजता येईनात, आणि एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी, त्यांतलं एक फुटकं. पट्टी काढली. तिच्या कडेला सोनेरी दात असतात, बारीक, ओळीनं. ते काळवंडले होते. मास्तराच्या खिशात खोडरबर असतोच. दात घासले, रबराचा चुरा फुंकरला, पट्टी परत बसवली आणि बटण दाबलं. यंत्र पीं पीं पीं करून ओरडायला लागलं. खालच्या किराणा दुकानदारानं वर येऊन विचारलं, "गाडी मागं घ्यायलाय काय कोण?" पट्टी दोन्ही बाजूंनी 'टक्' आवाज होईपर्यंत दाबायची असते, ते मी एकाच बाजूनं दाबलं होतं. दुसऱ्या बाजूनं दाबली, ओरडणं थांबलं. पुन्हा 'यादी'. पट्ट्यांचा पत्ता नाही, फक्त पट्ट्या आता स्वच्छ होत्या.

एवढ्यात आमचे शेजारचे काका पेपर वाचायला आले. काकांनी तरुणपणी सीमालढ्यात सत्याग्रह केलेला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे अनक्लेम्ड म्हणजे रे?"

"बेवारस. कुणी दावा सांगितलेला नाही, काका."

काका खुर्ची ओढून बसले. "आमच्या गावावर छप्पन सालापासनं दोन-दोन राज्यांचे दावे, आणि ह्या टिकलीएवढ्या कार्डावर एक नाही? काय न्याय म्हणायचा हा?"

दावा म्हणजे ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा दावा, हे मी त्यांना सांगितलं. यंत्र सुरू झालं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक कार्डाचा नंबर बघतो, आणि तो नंबर ज्या ड्रायव्हरच्या यादीत असेल तो ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो. एका कार्डाला एका वेळी एकच ड्रायव्हर. एक बसला की दुसऱ्याला जागा नाही. काका बराच वेळ गप्प बसले. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलेलं मला दिसलं. शेवटी विचारलं, "मग हितं अपील नाही होय?"

नाही म्हटल्यावर त्यांचा लिनक्सवरचा विश्वास उडाला.

रात्री भाच्याला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मामा, बग नसतो, आधी नीट वाच." मग म्हणाला, एलएसपीसीआय टाइप कर, पुढं वजा एनएन लाव. लावलं. कार्डापुढं आलं: रिअलटेक, डिव्हाइस, आणि कंसात १०ईसी, विसर्गचिन्ह, सी८२१.

"नाव कुठं आहे ह्यात?" मी.

भाच्यानं सांगितलं ते मला आवडलं. कार्डाला स्वतःचं नाव ठाऊक नसतं. त्याच्या पोटात फक्त आकडे असतात, पहिला कंपनीचा, दुसरा मालाचा. नाव असतं ते आपल्या यंत्रावरच्या पीसीआय-आयडीज नावाच्या एका यादीत, आणि ती यादी जुनी असली की आकडा तसाच छापला जातो. (इंटेलचा कंपनी-आकडा ८०८६ आहे, १९७८ सालच्या त्यांच्या प्रोसेसरचा नंबर. एवढ्या कोरड्या यादीत कुणीतरी हसून घेतलंय, हे बघून बरं वाटलं.)

मला लगेच आमचं रेल्वे स्टेशन आठवलं. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, पाट्या बदलल्या, पण स्टेशनचा कोड अजून बीजीएमच आहे. आकडा तोच, नावाची यादी नवीन. मी भाच्याला हे सांगायला लागलो तर तो म्हणाला, "मामा, अपडेट-पीसीआयआयडीज चालव." चालवलं. नावांची नवी यादी उतरली आणि डिव्हाइस सी८२१ चं बारसं होऊन ते आरटीएल८८२१सीई झालं. पूर्ण नावानिशी, ऐटीत. एलएसएचडब्ल्यूवर बघितलं तर नावापुढं अजून 'अनक्लेम्ड'. नाव बदलून बेवारसपण जात नाही. नाव बदलून आमच्या गल्लीतले खड्डे तरी कुठं गेले.

"कर्नल जुना आहे तुझा. नवीन घाल, ड्रायव्हर त्यात आहे," भाचा म्हणाला. तेवढ्यात वळवाचा पाऊस आला आणि करंट गेला. वळीव म्हटल्यावर करंट जाणारच, त्यात आम्ही कुणाला विचारायला जात नाही. मेणबत्ती लावून बायको म्हणाली, "आता तुमच्या यादीत मेणबत्ती येतीय का बघा."

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या नेटच्या तारेवर नवा कर्नल उतरवायला सकाळ गेली. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर 'अनक्लेम्ड' गेलं, ड्रायव्हरचं नाव आलं. कार्डाला वाली मिळाला. काकांना मुद्दाम बोलावून दाखवलं. "एका रात्रीत?" एवढंच म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

पण अनुक्रमांक? रॅमच्या पट्ट्या? ते तसंच. पुन्हा फोन.

"सुडो लावून चालवलंस का?" सुडो म्हणजे मालकाच्या अधिकारानं.

"लावलं की. 'सुडो यादी' म्हटलं तर म्हणतंय, अशी आज्ञाच नाही. म्हणून तर सांगतोय, बग आहे."

पलीकडं शांतता. मग भाचा सावकाश म्हणाला, "मामा, 'टाइप यादी' असं लिही आणि काय येतंय ते वाचून दाखव."

लिहिलं. उत्तर आलं: यादी हे टोपणनाव, मूळ आज्ञा एलएसएचडब्ल्यू, आणि तिच्या शेपटीला '२, मोठं-चं-चिन्ह, डेव्ह नल'.

ती शेपटी वाचली आणि मला गेला गणेशोत्सव आठवला. ही आज्ञा साध्या माणसानं चालवली की सुरुवातीला आणि शेवटी इंग्रजीत बजावते: वॉर्निंग, हा कार्यक्रम मालकाच्या अधिकारानं चालवावा, नाहीतर माहिती अपुरी किंवा चुकीची असू शकते. आरतीला आलेल्या चिटणीसांनी तो 'वॉर्निंग' शब्द पडद्यावर वाचला आणि घाबरून विचारलं, "मास्तर, पोलीस-बिलीस येणार नाहीत न्हवं?" त्यांच्या समाधानासाठी मीच ती शेपटी जोडली होती. डेव्ह नल ही लिनक्समधली बिनतळाची विहीर आहे. तिच्यात टाकलेलं काही परत येत नाही. सगळ्या तक्रारी, सगळ्या सूचना तिकडं सोडून दिल्या आणि विसरून गेलो. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं कारण ओरडून सांगत होतं. त्याच्या तोंडात बोळा कोंबणारा मी, आणि ते बोलत नाही म्हणून त्याचे दात घासणाराही मीच.

आणि 'सुडो यादी' का चाललं नाही? टोपणनाव माझ्या शेलपुरतं, म्हणजे मी आज्ञा टाइप करतो त्या काळ्या पडद्यापुरतं. सुडोला ते माहीत नाही. घरातलं लाडाचं नाव तहसीलदार कचेरीत सांगितलं तर कोण ओळखणार?

"बग नसतो म्हटलं होतं ना," भाचा म्हणाला. मी फोनवर रेंज नसल्याचं सांगितलं.

मग आज्ञा मूळ नावानं, पुढं सुडो लावून. आणि पडद्यावर पट्ट्या उमटल्या! दोन, चार-चार जीबीच्या, कुठल्या खाचेत कुठली ते लिहिलेल्या. मी रजिस्टर ओढलं. आता फक्त अनुक्रमांक.

पहिलं यंत्र. अनुक्रमांक: टू बी फिल्ड बाय ओईएम.

दुसरं यंत्र. अनुक्रमांक: डिफॉल्ट स्ट्रिंग.

तिसरं यंत्र. अनुक्रमांक: सिस्टिम सिरियल नंबर. नाव काय रे तुझं म्हटल्यावर "नाव" असं सांगणारा एक पोरगा दरवर्षी पहिलीत असायचा, तो हा.

हे आकडे मदरबोर्डच्या बायोसमधल्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या तक्त्यातून येतात, आणि तो तक्ता यंत्र जुळवणाऱ्यानं कारखान्यात भरायचा असतो. ओईएम म्हणजे तो जुळवणारा. त्यानं कोरा फॉर्म तसाच पुढं ढकलला होता, 'इथे भरा' ह्या सूचनेसकट. ह्याच तक्त्याचं वाचन करणारी डीएमआयडीकोड नावाची आणखी एक आज्ञा आहे. तिचं माहितीपान उघडलं, तर 'बग' ह्या मथळ्याखाली तिनंच लिहून ठेवलंय, की ह्या तक्त्यांतली माहिती बहुतेक वेळा चुकीची, अपुरी किंवा साफ खोटी असते. आज्ञेचा दोष नाही, तक्ताच तसा. एवढा सरळ कबुलीजबाब मी पस्तीस वर्षांत एका परिपत्रकात वाचला नव्हता.

चिटणीसांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपण कशाला खोटं लिहायचं? यंत्र काय म्हणतंय तेच लिहा." लिहिलं.

तपासनीस आले. समोर कुंदा ठेवला. बेळगावात कुंदा ठेवणं ह्याला पाहुणचार म्हणतात. रजिस्टर उघडून त्यांनी रॅमच्या पट्ट्या बघितल्या, मान डोलावली. कार्डाचं नाव बघितलं, मान डोलावली. अनुक्रमांकाच्या रकान्यावर बोट थांबलं.

"यार री इवरु, ओईएम?" म्हणजे, कोण हो हे, ओईएम?

मी यंत्र जुळवणाऱ्याबद्दल सांगायला तोंड उघडणार, तोवर चिटणीस पुढं होऊन म्हणाले, "ते भरणार होते, सर. अजून भरलेलं नाही त्यांनी."

"संस्थेचे सभासद आहेत काय?"

"नाहीत. बाहेरचे आहेत."

तपासनिसांनी कुंद्याचा शेवटचा घास घेतला, हात पुसला, पेन काढलं आणि शेरा लिहिला. "आत री", झालं, म्हणून सही केली आणि गेले. शेरा कन्नडमध्ये होता, चिटणीसांनी मोठ्यानं वाचून मराठीत सांगितला: संगणक क्रमांक एकचा अनुक्रमांक श्री. ओईएम यांच्याकडून भरून घेणे बाकी. पुढील तपासणीपूर्वी त्यांना स्मरणपत्र पाठवावे.

चिटणीस आता माझ्याकडं पत्ता मागतायत.