डिंगोचे छायाचित्र आणि न दिसणारे कुंपण

गेल्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियातल्या हील्सव्हिल अभयारण्यात काढलेले डिंगोचे, म्हणजे तिथल्या कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या रानटी प्राण्याचे, एक छायाचित्र मी येथे टाकले होते. पुढचे दोन्ही पाय ओंडक्यावर टेकवून उभा असलेला, मान थेट पाठीकडे वळवून पाहणारा तांबूस डिंगो आणि त्याच्यामागे धूसर झालेली निलगिरीची झाडे. खाली मी एवढेच लिहिले होते : ‘डिंगो, हील्सव्हिल अभयारण्य, व्हिक्टोरिया.’ अनेकांनी मनापासून कौतुक केले. नाशिकच्या मावशीने विचारले, ‘अरे, इतक्या जवळ गेलास, भीती नाही का वाटली तुला?’ गिर्यारोहणातल्या एका जुन्या मित्राने, किती दिवस माग काढावा लागला, अशी चौकशी केली. माग काढावा लागलाच नव्हता. तिकीट काढून, आखून दिलेल्या पायवाटेने चालत जाऊन, कुंपणाच्या अलीकडे उभे राहून मी ते छायाचित्र काढले होते. मी एक अक्षरही खोटे लिहिले नव्हते. तरीही वाचणाऱ्यांचा समज चुकीचा झाला होता आणि तो माझ्यामुळे झाला होता.

दोष पुष्कळसा ‘अभयारण्य’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे अभयारण्य म्हटले की भीमाशंकर किंवा नान्नज डोळ्यांसमोर येते. तिथे प्राणी मोकळा असतो आणि दिसेल की नाही हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर असते. ऑस्ट्रेलियात ज्याला ‘सँक्चुअरी’ म्हणतात ते अनेकदा निराळे असते. हील्सव्हिलचेच पाहा. मेलबर्नपासून तासाभराच्या अंतरावर, डोंगरांच्या कुशीत, केवळ ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या प्राण्यांसाठी १९३४ साली सुरू झालेली ही संस्था म्हणजे उत्तम प्रतीचे प्राणिसंग्रहालय आहे. प्लॅटिपसची (बदकासारखी चोच असलेल्या सस्तन प्राण्याची) बंदिवासातली पहिली वीण १९४३ साली येथेच यशस्वी झाली. संस्थेविषयी मला आदरच आहे. मात्र तिथला डिंगो बंदिस्त आहे, माणसाच्या हातचे खातो, आणि ‘अभयारण्यातला डिंगो’ असे मराठीत लिहिताच तो वाचकाच्या मनात रानात फिरू लागतो.

म्हणून बंदिस्त डिंगोचे छायाचित्र काढूच नये, असे माझे म्हणणे अजिबात नाही. उलट, रानातल्या डिंगोच्या मागे गाडी दामटण्यापेक्षा, त्याच्या बिळाशी पिल्लांची वाट पाहत बसण्यापेक्षा, कुंपणाबाहेर तासभर शांतपणे उभे राहणे कितीतरी सभ्यपणाचे आहे. शिवाय त्यातही कसब लागतेच. जाळी असेल तर भिंग तिच्या जितके जवळ नेता येईल तितके न्यावे, भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडावे, जाळीचा सावलीतला भाग निवडावा आणि डिंगो जाळीपासून चार-सहा मीटर आत असेल तेव्हाच कळ दाबावी. मग जाळी चित्रातून विरघळून जाते. जाळीवर ऊन पडले असेल, तर मात्र चित्रभर राखाडी धुके पसरते. काच असेल तर गडद कापडाने आपलेच प्रतिबिंब अडवावे लागते. तांबूस अंगावर सकाळचे तिरपे ऊन पडले की रंग भडक होतात, म्हणून मला ढगाळ दिवस अधिक आवडतात. तेव्हा पायांचे पांढरे मोजे आणि शेपटीचे पांढरे टोक यांतले केसही सुटे सुटे दिसतात.

मान मागे वळवण्याची ती ढब तर पाहत राहावी अशी असते. डिंगोचे सांधे आपल्या ओळखीच्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी लवचिक असतात. मनगट वळवून तो पुढचा पाय हातासारखा वापरतो, झाडावर आणि कड्यावर चढतो. त्या दिवशी तो अंगाने पूर्ण पाठमोरा होता. दूर कुठेतरी दुसऱ्या डिंगोने सूर लावला. ते भुंकणे नव्हते, लांबवत नेलेले ओरडणे होते. याचे कान आधी वळले, मागोमाग मान वळली, धड मात्र तसूभरही हलले नाही. सेकंदाचा आठशेवा भागही त्या हालचालीला पुरेल की नाही, अशी धाकधूक मला वाटली होती.

त्याच दिवशी आणखी एक छायाचित्र मिळाले, आणि ते मी कधीच प्रसिद्ध करणार नाही. दुपारी तोच डिंगो झोपेतून उठला आणि त्याने जांभई दिली. जांभई पूर्ण उघडली की सुळे दिसतात, नाकावर सुरकुत्या पडतात, डोळे बारीक होतात. तेवढाच क्षण कापून चौकटीत बसवला, तर समोर एक क्रूर, चवताळलेले श्वापद उभे राहते. असली छायाचित्रे ‘खवळलेला डिंगो’ म्हणून फिरताना मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी मला त्या प्राण्यासाठी वाईट वाटले आहे. डिंगोची बदनामी तिथे आधीच एवढी आहे, की तिच्यात जांभयांची भर घालण्याची काहीच गरज नाही. मेंढपाळांच्या भीतीपोटी आग्नेय ऑस्ट्रेलियाभोवती सुमारे ५,६०० किलोमीटर लांबीचे कुंपण आजही उभे आहे. सरकारी भाषेत अनेक ठिकाणी डिंगोचा उल्लेखच होत नाही. त्याला ‘वाइल्ड डॉग’ या नावात गुंडाळून टाकले जाते, जणू तो रानात उनाडणारा कुणाचा तरी सुटलेला कुत्राच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र दाखवून दिले, की रानातले बहुतेक डिंगो शुद्धच आहेत आणि पाळीव कुत्र्यांशी त्यांचा संकर समजला जात होता त्यापेक्षा फार कमी झाला आहे.

माझ्या छायाचित्राखाली कुणी लिहिले होते, ‘हा तर आपल्याकडचा गावठी कुत्राच!’ दिसायला साम्य आहे, हे खरे. तोच रंग, तेच ताठ कान. पण निदान साडेतीन हजार वर्षे हा प्राणी ऑस्ट्रेलियात आपल्या बळावर जगला आहे, आणि ते त्याच्या अंगात उतरले आहे. स्टार्च (धान्यातले पिष्ट) पचवणाऱ्या जनुकाच्या अनेक प्रती बहुतेक पाळीव कुत्र्यांमध्ये आढळतात. २०२२ साली ज्या वाळवंटी डिंगो मादीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तिच्यात एकच प्रत निघाली. आपल्या दारातला कुत्रा माणसाच्या भाकरीवर पोसला गेला, तसा डिंगो पोसला गेला नाही. छायाचित्रात हे दिसत नाही. ते शब्दांतच सांगावे लागते.

आता कुणी म्हणेल, चार शब्द राहून गेले तर एवढे काय बिघडले? काय बिघडते ते क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळच्या गारी बेटावर जाऊन पाहावे. जुन्या नकाशांत हे बेट ‘फ्रेझर’ म्हणून आहे. २०२३ साली त्याला तिथल्या आदिवासी बुचुला लोकांचे मूळ नाव अधिकृतपणे परत मिळाले. तिथले डिंगो, बुचुलांच्या भाषेतले ‘वाँगारी’, खरोखरच मोकळे आहेत. जवळून घेतलेली, कुंपण न दिसणारी छायाचित्रे पाहून आलेल्या पर्यटकाला तसेच छायाचित्र हवे असते, आणि ते मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे खाऊ दाखवणे. खाऊ मिळालेला डिंगो माणसाला भीत नाहीसा होतो, मग मागू लागतो, मग हिसकावू लागतो. २००१ साली तिथे नऊ वर्षांचा एक मुलगा डिंगोंच्या हल्ल्यात मरण पावला आणि त्यानंतर तीसहून अधिक डिंगो मारण्यात आले. जुलै २०२३ मध्ये डिंगोंच्या अगदी जवळ जाऊन सेल्फी आणि व्हिडिओ काढणाऱ्या दोन महिलांना प्रत्येकी २,३०० डॉलर दंड झाला. त्याच महिन्यात किनाऱ्यावर धावायला गेलेल्या एका तरुणीवर हल्ला झाला आणि त्या टोळीतला पुढारी डिंगो ठार करण्यात आला. त्या मुलाचे दुःख कुठल्याही डिंगोप्रेमापेक्षा मोठे आहे. मात्र तिथला डिंगो धीट होतो तो माणसाच्या हातून, आणि त्या हातात अनेकदा कॅमेराही असतो.

आमच्या व्हिक्टोरियाच्या वायव्य भागात तर आता जेमतेम चाळीस डिंगो उरले असावेत, असा अंदाज पुढे आल्यावर, मार्च २०२४ मध्ये त्यांना मारण्याची मुभा सरकारने काढून घेतली. राज्याच्या पूर्व भागात ती अजून कायम आहे. अशा प्राण्याची बंदिस्त छायाचित्रे मोकळी म्हणून फिरत राहिली, तर पाहणाऱ्याला वाटते की रानात डिंगोंना काय तोटा आहे.

छायाचित्रणाच्या जगात या प्रश्नावर एकदा मोठी खळबळ उडाली होती. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो लांडगा माणसाळवलेला असण्याचीच शक्यता फार मोठी आहे, असे परीक्षकांचे मत झाले आणि पुढच्याच जानेवारीत पारितोषिक काढून घेण्यात आले. आपण कुणी पारितोषिकासाठी छायाचित्रे टाकत नाही, हे मला मान्य आहे. पण मावशीच्या ‘भीती नाही का वाटली?’ या प्रश्नापुढे गप्प राहून मी जे कौतुक स्वीकारले, तेही पारितोषिकच होते.

मावशीला मी त्याच आठवड्यात फोन करून सगळे सांगितले. तिला डिंगोचे नाव काय, तो काय खातो, एकटाच आहे की जोडीने राहतो, हे सारे विचारायचे होते. कुंपणामुळे तिचा रस कमी झाला नाही. आता मी छायाचित्राखाली ‘बंदिस्त डिंगो, हील्सव्हिल प्राणिसंग्रहालय’ असे लिहितो. जुन्या छायाचित्राखालची ओळही बदलली आहे.

आज सोबत पाच छायाचित्रे देत आहे. चार छायाचित्रांत जाळी विरघळली आहे. पाचव्यात डिंगो तिच्या फार जवळ आला होता, त्यामुळे त्याच्या डाव्या कानापासून खांद्यापर्यंत एक पुसट, तिरपी राखाडी रेघ आली आहे. संगणकावर ती पुसायला दोन मिनिटेही लागली नसती. ती मी राहू दिली आहे.