निफाडची असून थंडी वाजते?

मी निफाड तालुक्यातली. त्यामुळे डिसेंबर लागला की ऑफिसात माझी चेष्टा ठरलेली, कारण थंडीची लाट आली की बातम्यांत हटकून निफाडचा पारा येतो, आणि त्याच निफाडची पोरगी इकडे हिंजवडीत चौथ्या मजल्यावर शाल गुंडाळून, कानटोपी ओढून, कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरून बसलेली. "अगं तू निफाडची ना, तुला कशी काय थंडी वाजते?" जो येतो तो हेच विचारतो आणि आपण काय भारी जोक मारला अशा तोंडानं पुढं जातो.

अरे बाबांनो, निफाडची थंडी बाहेर असते! पहाटे पारा सहा-सातवर येतो हे खरंय, पण नऊ वाजता ऊन पडलं की ओट्यावर पाठ उन्हाला देऊन बसायचं, हातात बाजरीची भाकरी आणि वर गूळ-तूप, अकरापर्यंत स्वेटर कमरेला बांधलेला असतो. आणि अगदीच कडाका पडला तर लोक रात्रभर जागून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, कारण थंडीनं मण्यांना तडे जातात. म्हणजे आमच्याकडं द्राक्षाला थंडी वाजली तरी कुणीतरी उठून जाळ करतं. इथं मी जिवंत बाई, पगारदार, पीएफ कापला जातो, मला कोण विचारतंय?

अप्पांना एकदा फोनवर सांगितलं की ऑफिसात लई गारठा असतो हो. ते म्हणाले, "किती हाय?" म्हटलं भिंतीवर बावीस दाखवतंय. दोन सेकंद काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "इथं सात हाय. तू बावीसला रडतीस व्हय?" आणि फोन आईकडं दिला. आई म्हणाली डिंकाचे लाडू पाठवते. प्रश्न मिटला.

पण बावीस हा आकडाच मुळात फसवा आहे. भिंतीवरचं बावीस हे भिंतीजवळचं बावीस. आमच्याकडं सेंट्रल एसी आहे, म्हणजे खाली बेसमेंटात कुठंतरी पाणी सात डिग्रीच्या आसपास गार करतात, ते पाणी प्रत्येक मजल्यावरच्या मोठ्या पेटाऱ्यात येतं, त्यावरून हवा फुंकतात आणि ती हवा डक्टमधून छतातल्या जाळीपर्यंत येते तेव्हा साधारण तेरा-चौदा डिग्री असते. नंतर ती खोलीतल्या हवेत मिसळते आणि मग सरासरी बावीस होते. आता माझी सीट बरोब्बर जाळीखाली. माझ्या टाळूवर पडते ती सरासरीच्या आधीची हवा. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी, दुपारी दोनला, बाहेर पुण्यात एकोणतीस डिग्री असतं, लोक हाफ शर्टात फिरत असतात आणि मी काचेतून त्यांच्याकडं बघत कुडकुडत असते.

त्यातून सकाळची वेगळीच तऱ्हा. आठ वाजता स्कूटीवर निघायचं तर बाहेर अकरा-बारा डिग्री, वारा तोंडावर, त्यामुळे जॅकेट, हातमोजे, स्कार्फ, पायात दोन मोजे असा सगळा संसार अंगावर घेऊन निघायचं, वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये उभं राहून घामाघूम व्हायचं, आणि तो घाम अंगावर तसाच घेऊन एसीत शिरायचं. पुण्यात हिवाळ्यात माणसानं नेमकं काय घालून घराबाहेर पडावं याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. सकाळी हिमालय, दुपारी चैत्र, आणि मधले आठ-नऊ तास कोल्ड स्टोरेज.

तर जाळी. जाळीवर उपाय म्हणजे कागद. एफोरचे चार कागद सेलोटेपनं जोडायचे, खुर्चीवर चढायचं (चाकांच्या खुर्चीवर चढू नका, खाली कुणीतरी धरायला लागतं) आणि जाळीला खालून चिकटवायचे. टेप गार पत्र्याला नीट चिकटत नाही, एक कोपरा सुटतो आणि मग दिवसभर फर्र फर्र आवाज. पण टाळू वाचते. फक्त एक अडचण आहे, हवा काही जिरत नाही, ती पुढच्या जाळीतून दुप्पट जोरानं येते. थंडी संपत नाही हो, तिची फक्त बदली होते. मग पुढची बया कागद लावते. मग तिच्या पुढचा. असं करत करत आमच्या लाइनच्या सगळ्या जाळ्यांवर कागद लागले आणि शेवटच्या टेबलावर जो नवीन ट्रेनी पोरगा होता त्याच्या डोक्यावर अख्ख्या मजल्याचं वादळ सुटलं. बिचाऱ्याचे केस उडायचे. नवीन असल्यामुळे त्याला वाटलं ऑफिसं अशीच असतात. पुढं क्लायंट व्हिजिट होती म्हणून फॅसिलिटीवाल्यांनी, म्हणजे बिल्डिंगची देखभाल बघणाऱ्यांनी, सगळे कागद एका रात्रीत काढले, त्यात एक माझी सॅलरी स्लिप होती, ती पण गेली.

भिंतीवर एक थर्मोस्टॅट पण आहे. त्याला पारदर्शक प्लास्टिकची पेटी, पेटीला कुलूप, पण खाली बोट जाईल एवढी फट. त्या फटीतून पेन्सिल घालून प्लसचं बटण दाबायचं हा आमच्याकडचा मुख्य व्यायाम. थंडीवाले प्लस दाबतात, गरमीवाले मायनस दाबतात, आणि दाबून झालं की दोघंही अगदी समाधानानं जागेवर येतात. एकदा जिन्यात एसीचा टेक्निशियन दादा भेटला, त्याला म्हटलं, दादा, ते जरा चोवीसवर लॉक करून टाका ना. तो इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "मॅडम, त्याची वायर कधीच काढलीय. कंट्रोल सगळा खालून कॉम्प्युटरवर. पण राहू दे म्हटलं, बटण दाबलं की लोकांना बरं वाटतं." तेव्हापासून मी कुणालाही हे सांगितलेलं नाही. पेन्सिल घेऊन कुणी थर्मोस्टॅटकडं निघालं की मी मान वर करून त्याचं तोंड बघते. खरंच बरं वाटतं लोकांना! परवा एकजण प्लस दाबून आला आणि पाचव्या मिनिटाला जॅकेट काढून म्हणाला, "आता कसं जरा मोकळं वाटतंय."

बाकी सरकारचं म्हणणं आमच्या बाजूनं आहे. एसी चोवीसवर ठेवा, एक डिग्री वाढवली की सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो कधीपासून सांगतंय, आणि जानेवारी २०२० पासून तर घरगुती स्टारवाले एसी सुरू केले की आपोआप चोवीसलाच सुरू व्हावेत असा नियमच आहे. मी हे सगळं तिकिटात, म्हणजे ऑफिसच्या ऑनलाइन तक्रारीत, लिहिलं होतं, टक्केवारीसकट. तिकीट दुपारी बंद होऊन आलं. शेरा होता, 'सिस्टीम वर्किंग ॲज पर डिझाइन'. नंतर कळलं की पश्चिमेकडच्या काचेजवळ बसणाऱ्यांनी त्याच दिवशी 'फार गरम होतंय' असं तिकीट टाकलं होतं, कारण तीननंतर ऊन थेट त्यांच्या पाठीवर येतं. त्यांच्या तिकिटावर पण हाच शेरा. म्हणजे डिझाइन असंच आहे की अर्ध्यांनी भाजावं आणि अर्ध्यांनी गारठावं. खिडकी उघडायची तर खिडकीच नाही, सगळी काच सीलबंद.

आता डिझाइन कुणासाठी, हा खरा प्रश्न. मी थोडं खोदून बघितलं, कामच नव्हतं त्या दिवशी. एसी मुळात माणसासाठी निघालेलाच नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरियरनं पहिलं मशीन बनवलं ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, हवेतल्या दमटपणानं कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही म्हणून. म्हणजे तिकडं कागदाचे लाड आणि इकडं द्राक्षाचे! पुढं ऑफिसात किती डिग्री ठेवायचं याची गणितं १९६० च्या दशकात बसवली गेली, आणि ती बसवताना समोर धरला चाळीस वर्षांचा, सत्तर किलोचा पुरुष. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी म्हटलं की बायकांचं शरीर बसल्या कामात किती उष्णता तयार करतं हे त्या हिशोबात पस्तीस टक्क्यांपर्यंत जास्त धरलं जाऊ शकतं. हे वाचून मी मान वर करून सगळ्या मजल्यावर नजर फिरवली तर चाळीस वर्षांचा सत्तर किलोचा पुरुष समोरच होता, आमचा डिलिव्हरी मॅनेजर, अर्ध्या बाह्या, कपाळावर घाम, "एसी चालू आहे का रे?" म्हणून विचारत होता. सगळी बिल्डिंग याच्या मापानं शिवलीय. आम्ही त्यात ढगळ.

हीटरचा प्रयोग पण झालेला आहे. आमच्याकडं सोपोरचा एक मुलगा आहे. नवीन आला तेव्हा आम्हाला हसायचा, ही काय थंडी आहे, आमच्याकडं नळात बर्फ होतो वगैरे. जानेवारीत सगळ्यात आधी तोच गारद झाला. म्हणाला, काश्मीरमध्ये थंडी घरात घेत नाहीत, फिरनच्या, म्हणजे लांब ढगळ अंगरख्याच्या, आत पोटाशी कांगडी असते, निखाऱ्यांची छोटी शेगडी, माणूस चालता चालता शेकत असतो, इथं तुम्ही वीज जाळून थंडी आत आणता. बोलणं पटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं घरून ब्लोअर आणला, २००० वॅटचा. टेबलाखालचा सॉकेट सहा अँपियरचा, हीटर मागतो पावणेनऊ. सुमारे दीड मिनिट आमचे पाय स्वर्गात होते. मग खट्ट. अख्ख्या लाइनचे मॉनिटर काळे, आणि पलीकडे कुणीतरी 'सेव्ह नव्हतं केलं रे' असं इतक्या कळवळून ओरडलं की सिक्युरिटीचे काका धावत आले. हीटर जप्त. तो आता त्यांच्या गेटवरच्या केबिनमध्ये आहे आणि केबिन मस्त उबदार असते, मी बघितलंय.

त्यामुळे आता गनिमी कावा. लॅपटॉपचा चार्जर, तो जो मधे काळा ठोकळा असतो ना, तो पायाशी ठेवायचा, चप्पल काढायची आणि मोज्यातले तळवे आळीपाळीनं त्यावर टेकवायचे. बॅटरी फुल असेल तर ठोकळा गार पडतो म्हणून बॅटरी उतरवून मग लावायची. डेव्हलपर लोकांचं अजून बरंय, मोठा बिल्ड लावला, म्हणजे सगळ्या कोडचा प्रोग्रॅम बनवायला घेतला, की लॅपटॉप तापतो, पंखा घूं घूं करतो आणि मागच्या फटीतून गरम हवा येते, तिथं माऊसचा हात धरायचा. माऊसचाच हात गारठतो, हे माझं निरीक्षण आहे, दुसरा निदान मांडीखाली घालता येतो. आमच्यातली एक टेस्टर तर म्हणते जानेवारीत बिल्ड जास्त फेल होतात कारण लोक विनाकारण परत परत लावतात.

थंडीतली सकाळची हजेरी हा वेगळाच अपमान. बोटं इतकी कोरडी पडलेली असतात की बायोमेट्रिक मशीन ओळख देत नाही. बोट तोंडाशी धरून हाऽऽ करायचं, परत लावायचं, परत 'प्लीज ट्राय अगेन'. मागं रांग. एकजण व्हॅसलिन लावून आला तर मशीननं त्याला कुणी दुसराच समजून आत घेतलं. आणि आत आलं की कार्पेट, लोकरी स्वेटर आणि कोरडी हवा, त्यामुळे दाराच्या मुठीला हात लावला की चट्‌कन चटका. एकमेकांच्या हातात कागद देताना पण. पॅंट्रीतल्या मावशी तर कपबशी लांबूनच सरकवतात, म्हणतात, "ताई, तुम्हाला करंट येतो."

जेवणानंतर सगळा थंडी पक्ष खाली उतरतो. गेटबाहेर टपरी आहे, तिथं भिंतीला पाठ लावून उन्हात ओळीनं उभं राहायचं, गुळाचा चहा घ्यायचा, आणि पंधरा मिनिटं कुणी कुणाशी बोलत नाही. बोटं सुटतात, नाक परत जागेवर येतं. चहावाला दादा पण शहाणा, हिवाळ्यात त्यानं बाकडी सावलीतून उन्हात आणून ठेवलीत. आमच्या फॅसिलिटीत हा माणूस हवा होता.

आणि शुक्रवार. शुक्रवारी गारठा सगळ्यात जास्त असतो हे मला बरेच दिवस कोडंच होतं. मग त्याच टेक्निशियन दादानं चहा पिता पिता उलगडलं. बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता देतो. आमचा मजला दोनशे माणसांच्या हिशोबानं बसवलाय, म्हणजे वीस किलोवॅट, म्हणजे सोपोरवाल्याचे दहा हीटर फुल चालू. ही सगळी गरमी ओढून काढायला एवढी थंड हवा सोडलेली असते. आता आलं हायब्रिड, म्हणजे काही दिवस ऑफिस, काही दिवस घरून काम, शुक्रवारी येतात पंचवीस-तीस टाळकी. माणसं गेली, त्यांच्या वाटणीची थंडी मात्र इथंच. "आणि ती जे आलेत त्यांनी खायची," तो म्हणाला. "खालून कमी करा ना मग," म्हटलं. तर म्हणे कमीत कमी हवा सोडावीच लागते, मोकळी हवा नको का आत यायला, बंद बिल्डिंग आहे.

तेव्हा मी सीट बुक करायच्या ॲपवर आता खिडकी, पॅंट्री, वॉशरूम काही बघत नाही. आजूबाजूला कोण कोण बसणार आहे ते बघते आणि मनातल्या मनात वॅट मोजते. बारीक, शांत, सॅलड खाणारी माणसं काही कामाची नाहीत. मंगळवारी सेल्सची टीम येते, पंधरा-वीस जण, सगळे खाऊनपिऊन सुखी, बसत तर नाहीतच, फोनवर उभ्यानं येरझाऱ्या घालत ओरडत असतात, एकेकजण सहज दीडशे वॅटला जात असेल. त्यांच्या बरोबर मधली सीट मी मार्चपर्यंतच्या सगळ्या मंगळवारांसाठी घेऊन टाकलीय. काम काडीचं होत नाही, पण दुपारी शाल काढून ठेवावी लागते. परवा त्यांच्यातल्या एकानं विचारलं पण, मॅडम, तुम्ही टेस्टिंगच्या ना, मग आमच्यात कशा? म्हटलं, तुमच्या टीमची एनर्जी आवडते मला. खूश झाला, आणखी मोठ्यानं बोलायला लागला.