आईंची कॅप दोन वर्षांत का निघाली: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचे आक्षेप दोन. रूट कॅनलनंतर कॅप लावायला सांगणं हा दवाखान्यांचा कमाईचा मार्ग आहे, हा पहिला. दुसरा असा, की दादरला तुमच्या आईंच्या दाढेवर बसवलेली झिरकोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, टणक सिरॅमिकची) कॅप पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड असूनही दोन वर्षांत निघाली, तेव्हा दातांच्या कॅपवरच्या माझ्या लेखातलं झिरकोनियाचं कौतुक फोल आहे.

पहिल्यात अर्धं तथ्य आहे. पुढच्या दाताला मागून लहान भोक पाडून रूट कॅनल केलं असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर चांगलं फिलिंग पुरतं. तिथे कोणी कॅपचा आग्रह धरला तर कारण जरूर विचारा. दाढांचं वेगळं. रूट कॅनलमुळे दात सुकून ठिसूळ होतो असं म्हणतात, पण मोठं नुकसान किडीने आधीच केलेलं असतं. काढलेल्या उपदाढांवर १९८९ साली झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनलच्या भोकाने दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्के घटला. शेजारच्या दातांना टेकणाऱ्या दोन्ही कडा गेल्यावर मात्र ६३ टक्के. अशी दाढ सुपारी चावताना उभी चिरते आणि चीर मुळापर्यंत गेली की ती काढावीच लागते. कॅप हवी ती यासाठी.

आता आईंची कॅप. ती निघाली तेव्हा आतून पोकळ होती की आत दाताचा तुकडा अडकलेला होता? सगळं उत्तर यात आहे.

तुकड्यासकट निघाली असेल तर खाली दातच पुरेसा नव्हता. हिरडीच्या वर चहूबाजूंनी किमान दीड ते दोन मिलिमीटर अस्सल दात उरायला हवा आणि कॅपच्या कडेने तो कवेत घ्यायला हवा. तो नसेल तर सगळा भार आतल्या फिलिंगवर किंवा पोस्टवर (मुळात बसवलेल्या बारीक दांडीवर) येतो. पोस्ट दाताला बळकटी देत नाही, फक्त फिलिंग धरून ठेवते. अशा वेळी हिरडी आणि थोडं हाड खाली घेऊन दात उघडा करता येतो, मात्र हिरडी स्थिरावायला काही आठवडे थांबावं लागतं. तेही जमण्यासारखं नसेल, तर तीच कॅप पुन्हा चिकटवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

पोकळ निघाली असेल तर कॅप बसवण्यासाठी डॉक्टरांनी घासून लहान केलेला दात बुटका राहिला असेल (दाढेला साधारण चार मिलिमीटर उंची लागते) किंवा त्याच्या भिंती फार निमुळत्या झाल्या असतील. सिमेंट लावताना लाळ लागली तरी हेच होतं. कॅपच्या कडेखाली कीड शिरली असेल तर वास येतो आणि दात मऊ लागतो.

यातलं काहीच झिरकोनियावर अवलंबून नाही. वॉरंटी कार्ड बहुधा कॅपच्या मटेरियलचं असतं. ती तुटली तर नवी मिळते, खालचा दात किडला तर त्यात काही नसतं. म्हणून लेखात आणखी एक वाक्य घालते: शेवटच्या दाढेला, जिथे दिसण्याचा प्रश्न नाही, तिथे संपूर्ण धातूची कॅप आजही उत्तम. ती बसवायला दात कमी घासावा लागतो आणि तिचा टवका उडत नाही.

आईंसाठी सध्या एवढं करा. कॅप डबीत जपून ठेवा, फेविक्विक लावू नका आणि रात्री ती नुसती अडकवून झोपू देऊ नका, घशात जाऊ शकते. आठवडाभरात दाखवा, उशीर झाला तर शेजारचे दात सरकतात आणि जुनी कॅप बसत नाही. दुसरं मत हवं असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. नवा एक्स-रे काढून घ्या आणि थेट विचारा: हिरडीच्या वर दात किती मिलिमीटर उरलाय?