घोडी घेताय की सून बघताय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, (तुमच्या घरी तीन पिढ्या टांग्याचे घोडे होते म्हणता, तेव्हा काकाच म्हणते.)

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : 'विकणारा शेजारच्या गावचा, ओळखीचा. तरी तुम्ही तीन खेपा मारल्या, डॉक्टर नेला, केस तपासायला पाठवले. घोडी घेताय की सून बघताय? आमच्याकडे दात आणि भोवरे पाहिले की व्यवहार झाला. एवढं करून भाळलात शेवटी रंगावरच!'

शेवटचं खरं आहे. भाळले. तांबूस अंग, दोन्ही कुशींवर पांढरे ढग, एक डोळा निळा. तुम्ही तिला अबलख म्हणाल. पण इथे टेक्सासात अबलख घोडा तेवढ्यावर 'पेंट' ठरत नाही. फोर्ट वर्थला या जातीची संस्था आहे, 1962 पासूनची. आईबाप पेंट, क्वार्टर हॉर्स किंवा थरोब्रेड या जातींचे असतील तरच तिथे नोंद होते. उलट पेंट आईबापांचं एकरंगी शिंगरूसुद्धा नोंदवतात. म्हणून कागद मागितले. त्यावर मालक म्हणून विकणाऱ्याचं नव्हे, त्याच्या मेव्हण्याचं नाव निघालं. लबाडी नव्हती, आळस होता. पण मेव्हण्याची सही येईपर्यंत मी पैसे दिले नाहीत.

आता तीन खेपा. विकणारा जवळचा होता म्हणूनच तर त्या जमल्या! लांबच्या ऑनलाइन लिलावात नुसता व्हिडिओ बघून बोली लावावी लागते. पहिल्या खेपेला घोडी खरारा करून, खोगीर चढवून तयार उभी होती. शांत होती, पण ती स्वभावाने शांत की सकाळपासून दमवलेली, हे कसं कळावं? दुसऱ्यांदा न सांगता गेले, कुरणात जाऊन स्वतः पकडली, आधी न फिरवता, न दमवता थेट वर बसले. कान पाडले, एकदा मागचा पाय आपटला, मग चालली. तिसऱ्या खेपेला डॉक्टर. एकेक पाय दुमडून धरायचा, सोडला की लगेच दुडकी चालवायची, लंगडते का बघायचं. रक्तही घेतलं, घोड्यांच्या संसर्गजन्य ॲनिमियाच्या तपासणीसाठी. त्या दाखल्याशिवाय इथल्या बऱ्याच तबेल्यांत घोडा आत घेत नाहीत.

दात मीही पाहिले, काका. पण दहाच्या पुढे दातावरून वयाचा अंदाज सैल होत जातो, आणि केसांनी जे सांगितलं ते दात सांगूच शकत नाहीत.

आयाळीचे मुळासकट उपटलेले केस प्रयोगशाळेत गेले. घोडीत 'फ्रेम' जनुकाची एक प्रत निघाली. कुशीवरचे ते ढग त्याचेच. एका प्रतीने घोडीला काही होत नाही. पण नरातही तेच जनुक असलं, तर चारातल्या एका गर्भाला आईबापांकडून एकेक अशा दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता असते. ते शिंगरू जवळजवळ पूर्ण पांढरं जन्मतं. उभं राहतं, दूध पितं. आतड्याला हालचाल देणाऱ्या चेतापेशीच नसतात, त्यामुळे पोटातलं पुढे सरकत नाही. पोटशूळ उठतो, काही दिवसांत मरतं. उपचार नाही, बहुतेक वेळा डॉक्टरच इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवतात. आणि हे जनुक अंगावर फारसं पांढरं नसलेल्या घोड्यातही दडून असू शकतं. डोळ्यांना दिसत नाही.

विकणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. त्याने घोडी दोनदा गाभण ठेवली होती, दोन्ही शिंगरं धड झाली, म्हणून विषय कधी निघालाच नाही. अहवाल दाखवला तेव्हा मलाही वाटलं, आता हा चिडणार. तो बराच वेळ कागद बघत राहिला, मग म्हणाला, माझ्या घोड्याचे केस कुठे पाठवायचे तो पत्ता दे. तुम्ही म्हणता तपासणी म्हणजे अपमान. त्याला तरी तसं वाटलेलं दिसलं नाही. (सून बघताना कुणी केस उपटत नाही, एवढा फरक मान्य.)

घोडी मुलीला बसायला घेतली आहे, शिंगरं नको आहेत. भोवरे मात्र खरंच पाहिले नाहीत. कपाळावर एक आहे, मानेवर बहुधा दोन. आजच्या नोंदीत जवळून काढलेले फोटो टाकले आहेत. तुम्हीच बघून सांगा.