आमच्याकडे तर चालतंय!

एका जुन्या वाचनालयाचा सभासद-नूतनीकरणाचा ऑनलाइन फॉर्म ऑफिसने माझ्या गळ्यात मारलाय. तो मूळ लिहिणारा गृहस्थ बंगळूरला निघून गेला. जाताना आपला फोन नंबरही बदलून गेला, आणि फॉर्म चालवणारी त्याची स्क्रिप्ट (म्हणजे छोटा प्रोग्रॅम) वाचल्यावर का ते कळतं. वाचनालयाचे चिटणीस म्हणजे काका. त्यांची तक्रार नेहमी तीन शब्दांची असते : "बटण चालत नाही."

"काका, ब्राउझर कोणता?"

"इंटरनेट."

"तसं नव्हे. त्याचं चित्र कसलं आहे? रंगीत गोल? कोल्हा?"

"वाचनालयातल्या मशीनवर कोल्हा आहे. माझ्या फोनवर होकायंत्र. हा फोन मुलाने आणलाय, त्याला काही झालेलं नाही."

म्हणजे एकीकडे फायरफॉक्स, दुसरीकडे आयफोनवरची सफारी. मी माझ्या क्रोममध्ये बटण दाबलं. फॉर्म गेला. "आमच्याकडे तर चालतंय," मी म्हणालो. या वाक्याने आजवर कोणाचंही बटण चालू झालेलं नाही, तरी आमच्या धंद्यात ते म्हणायची पद्धत आहे.

स्क्रिप्ट उघडली. 'पाठवा' दाबलं की ती बटण निकामी करते, म्हणजे कोणी दोनदा पैसे भरू नयेत, आणि मग स्वतःच फॉर्म रवाना करते. पण रवाना करायला 'फॉर्म-डॉट-सबमिट' ही साधी आज्ञा लिहायची, तर त्या माणसाने प्रोटोटाइपला, म्हणजे सगळ्या फॉर्मांच्या मूळ साच्याला, हाक मारून एक द्राविडी प्राणायाम केला होता. हा कशासाठी? बराच वेळ शोधल्यावर सापडलं : बटणाचं नावच त्याने 'सबमिट' ठेवलेलं! फॉर्ममधल्या बटणाला हे नाव दिलं, की फॉर्म-डॉट-सबमिट म्हटल्यावर फॉर्म पाठवायची क्रिया हाती येत नाही, ते बटण येतं. ब्राउझर म्हणतो, हे काही फंक्शन नव्हे. खरंच आहे त्याचं. त्या गृहस्थाने बटणाचं नाव बदलण्याऐवजी भाषेच्या मुळाशी जाऊन मार्ग काढला. बंगळूरला त्याचं उत्तम चाललं असणार.

शिवाय ही सबमिटची आज्ञा मानपान न बघणाऱ्या पाहुण्यासारखी आहे. कोणाला विचारत नाही, थेट निघते. 'हा रकाना भरणं आवश्यक' वगैरे तपासण्या होत नाहीत, सबमिट झाल्याची वर्दीही कोणाला जात नाही. त्यामुळे काकांच्या यादीत नाव नसलेले, सभासद क्रमांक नसलेले, फक्त 'पुरुष' एवढंच कळवणारे सभासद जमा झाले होते. रीतसर तपासून पाठवणारी रिक्वेस्टसबमिट नावाची दुसरी आज्ञा आहे. ती क्रोममध्ये २०१९ साली आली, फायरफॉक्समध्ये २०२० साली, आणि सफारीत २०२२ साली. वाचनालयाच्या अध्यक्षांचा आयपॅड त्याआधीचा. त्यांच्यासाठी लपवलेलं एक बटण ठेवून तेच स्क्रिप्टकडून दाबून घेतलं. अध्यक्षांना हे सांगितलेलं नाही.

फायरफॉक्सचं दुखणं वेगळंच निघालं. काका म्हणाले, "पान रिफ्रेश केलं, तरी बटण मेलेलंच." हे काकांनी अचूक सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला नव्हता. निकामी केलेलं बटण निकामी होतं, हे फायरफॉक्स रिफ्रेशनंतरही लक्षात ठेवतो. बटणाला ऑटोकम्प्लीट बंद असल्याचं लिहून दिलं की विसरतो. बटणात कोण काय आपोआप भरणार आहे, हे विचारायचं नाही.

सफारीत मागे जायचा बाण दाबला, की पान नव्याने उघडत नाही. स्मृतीतून होतं तसं परत येतं, मेल्या बटणासकट. ही खोड आता सगळ्यांनाच आहे, म्हणून पान समोर आल्याची 'पेजशो' नावाची वर्दी आली की बटण जिवंत करायची ओळ घातली. तरी काकांच्या फोनवर पावती दिसेना. मी म्हटलं, क्रोम टाकून बघा. त्यांनी टाकलं. "रंगीत गोल आला, पावती नाही आली." आयफोनवरच्या क्रोमच्या आतही सफारीचंच इंजिन, म्हणजे पान उघडून दाखवणारा भाग, असतं. युरोपीय संघात २०२४ पासून दुसरं इंजिन बसवायला परवानगी आहे. पण पन्नास रुपयांच्या वर्गणीसाठी काकांना तिकडे कसं पाठवणार?

आयफोनवरच्या सफारीच्या पोटात काय चाललंय ते बघायला मॅक लागतो. ऑफिसात मॅक नाही. काकांच्या पुतण्याकडे आहे, तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तिथे, एका वधूची पाठवणी मध्येच थांबवून, आम्ही फोन जोडला. पावती नव्या टॅबमध्ये उघडत होती, तीही सर्व्हरचं उत्तर आल्यानंतर. तोवर माणसाने बटण दाबल्याचा परिणाम सफारीच्या लेखी संपलेला असतो. मग ही खिडकी जाहिरातवाल्यांची समजून ती गुपचूप अडवते. क्रोम जरा जास्त वेळ धीर धरतो, म्हणून आमच्याकडे चालत होतं. पावती त्याच टॅबमध्ये उघडायला लावली.

उघडली. तीत सभासदाच्या नावाच्या जागी २३५०, २३६६, २३४३, २३५७ असे आकडे, भोवती चिन्हांची रांगोळी. पानाचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत मांडायची पद्धत, जुनं, इंग्रजीपुरतं. त्यात न बसणारं अक्षर ब्राउझर त्याच्या युनिकोड क्रमांकाने पाठवतो, म्हणून 'माधव'चे चार आकडे झाले. या एका बाबतीत मात्र कोल्हा, होकायंत्र आणि रंगीत गोल यांचं पूर्ण एकमत होतं. पानावर यूटीएफ-८ हे सगळ्या लिप्या मावणारं एन्कोडिंग लिहिलं, माधवराव परत आले.

काकांनी पावती चष्मा वर करून वाचली, खाली धरून वाचली.

"छान झालं. आता सगळ्यांना सांगतो, फॉर्म ऑनलाइन भरा, त्याची प्रिंट काढा आणि सही करून वाचनालयात आणून द्या."