प्रतिक्रियेला उत्तर : प्लेटिंगची रेसिपी कुलपात की पेटंटमध्ये?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रोखठोक आणि मुद्देसूद आहे. दोन ओळींत आभार मानून ती निकालात काढणं बरं नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. झिंक प्लेटिंगवरच्या ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशनचं (जस्ताच्या थराला गंजापासून वाचवणारी त्रिसंयुजी क्रोमियमची पातळ फिल्म) उदाहरण घेऊन मूळ लेखात म्हटलं होतं की छोट्या कंपनीनेही आपल्या पृष्ठप्रक्रियेचं पेटंट घ्यावं. त्यावर तुमचं म्हणणं असं. पेटंट म्हणजे आपणच पैसे भरून आपली रेसिपी शेजारच्या गाळ्याला वाटणं, कारण अठरा महिन्यांत सगळं जाहीर होतं. टाकीत काय ओतलं ते बोल्टवर दिसत नाही, मग चोरी सिद्ध कशी करणार? प्लेटिंगमध्ये आता नवं तरी काय उरलंय, दोन रसायनं इकडची तिकडे. तुमची स्वतःची एक टाकी दोन वर्षं गुपचूप चालू आहे आणि ‘गरज पडली तर पुढे बघू पेटंटचं’.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण पैसा तिथेच बुडतो. गुपित ठेवून धंदा करायचा आणि नंतर कधीतरी अर्ज टाकायचा, ही सोय भारतीय कायद्यात नाही. पेटंट कायदा, १९७० मधलं कलम ६४(१)(एल) सांगतं की अर्जाच्या तारखेआधी तो शोध भारतात गुप्तपणे वापरला गेला असेल तर पेटंट रद्द होऊ शकतं. म्हणजे ‘कोणाला कळलंच नव्हतं’ हा बचाव होत नाही, उलट तोच आरोप ठरतो. तुमच्या स्वतःच्या वापराला सूट आहे ती वाजवी चाचणी किंवा प्रयोगापुरतीच. पन्नास लिटरच्या टबमध्ये पॅनेल (चाचणीसाठीची पत्र्याची पट्टी) बुडवून बघणं ही चाचणी झाली. त्याच द्रावणातून महिन्याला दोन टन बोल्ट काढून जीएसटीचं बिल फाडणं म्हणजे व्यवहार झाला आणि ती बिलंच उद्या तुमच्याविरुद्ध कोर्टात येतील. नवा थर असलेला माल अर्जाआधी खुल्या बाजारात गेला असेल तर आणखी पंचाईत. मग खुद्द थरावरचा क्लेम, म्हणजे पेटंटमधला हक्काचा दावा, जुना ठरतो. प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत कलम ३१ मध्ये आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला. कुठल्याही हॉटेलातल्या व्हेंडर मीटला ती लागू नाही.

ग्राहकाकडे सॅम्पल पाठवायचे असतील तर आधी गोपनीयतेचा करार करा आणि मालासोबतच्या चलनावर ‘चाचणीसाठी, विक्रीसाठी नाही’ असं लिहा. हे जमत नसेल तर आधी तात्पुरता अर्ज टाका, मग सॅम्पल. तात्पुरत्या अर्जानंतर संपूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. फक्त एवढं लक्षात ठेवा की त्या अर्जात जे लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख मिळते. ‘सुधारित पॅसिव्हेशन द्रावण’ असं अर्ध्या पानावर लिहून दिलेल्या अर्जाची किंमत शून्य.

आता ‘नवं काय उरलंय’. इथे तुमचा मुद्दा निम्मा खरा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकालही तुमच्या बाजूने दाखवता येतो. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, १९७८. मामला आपल्याच क्षेत्राच्या शेजारचा होता. लेथवर भांडी घासून पॉलिश करताना ती पकडून ठेवायची एक पद्धत आणि तिचं पेटंट. न्यायालयाने ते टिकू दिलं नाही. आधीच माहीत असलेल्या साधनाची जोड देणं म्हणजे कारागिराने आपल्या कामात केलेली सुधारणा, तिच्यात शोधाची पायरी नाही, असा निकाल आला. जिगचा (भाग टांगायच्या चौकटीचा) हुक बदलला, बॅरलची (भाग फिरवत प्लेटिंग करायच्या पिंपाची) भोकं मोठी केली, बाथ (टाकीतलं द्रावण) पाच अंशाने गरम ठेवला, असल्या अर्जांचं तेच होतं.

पण ‘दोन रसायनं इकडची तिकडे’ याला कायद्याचं उत्तर नुसतं ‘नाही’ असं नाही. कलम ३(ई) म्हणतं की नुसतं मिश्रण, ज्यात प्रत्येक घटकाचे गुण फक्त एकत्र येतात, ते पेटंटयोग्य नाही. म्हणजे बेरजेपेक्षा जास्त काही घडतं हे दाखवलं तर दार उघडं आहे. ते दाखवायचं कसं, हे मूळ लेखात फार घाईत उरकलं गेलं होतं, म्हणून इथे सावकाश.

समजा, कोबाल्ट नसलेलं ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन बनवायचंय. कोबाल्टच्या जागी अ आणि ब असे दोन घटक घातले. चार द्रावणं तयार करा : दोन्ही नसलेलं, फक्त अ असलेलं, फक्त ब असलेलं, दोन्ही असलेलं. बाकी सगळं तंतोतंत सारखं हवं. एकाच पत्र्याची पॅनेल, एकाच टाकीतलं ८ मायक्रॉन झिंक, पीएच २, ६० अंश सेल्सिअस, ६० सेकंद, तेच धुणं, तेच सुकवणं. मग किमान २४ तास तशीच ठेवा. ताजी फिल्म थेट सॉल्ट स्प्रेमध्ये (मिठाच्या धुक्यात किती तासांनी गंज येतो ती चाचणी) टाकली तर आकडे खालीवर होतात. प्रत्येक द्रावणाची किमान तीन पॅनेल घ्या. न्यूट्रल सॉल्ट स्प्रे, ५ टक्के मीठ, ३५ अंश. पांढरा गंज किती क्षेत्रावर आला की ‘फेल’ मानायचं, ते आधीच कागदावर ठरवा. आता काल्पनिक आकडे घेऊ. रिकामं द्रावण ७२ तास टिकलं, नुसता अ घातल्यावर ९६, नुसता ब घातल्यावर ९६. प्रत्येकाने २४ तास वाढवले, म्हणजे दोघांची साधी बेरीज १२० तास. प्रत्यक्षात १२० च मिळाले तर तपासणी अधिकारी ३(ई) लावणार आणि ते बरोबरच असेल. २४० मिळाले तर अर्जात दम आहे. हे चार ओळींचं टेबल अर्जात नसल्यामुळे चांगले अर्ज मार खातात. बहुतेक जण फक्त ‘जुनं द्रावण आणि आमचं द्रावण’ एवढीच तुलना देतात. त्यातून आपलं चांगलं आहे हे कळतं, का चांगलं आहे ते कळत नाही.

आणखी दोन ठिकाणी हमखास घसरतं. एक, कोबाल्टचं खरं काम भाग तापल्यावर दिसतं. १२० अंशावर २४ तास ठेवून मग सॉल्ट स्प्रे केला की कोबाल्ट नसलेली पुष्कळ द्रावणं कोसळतात. ही परीक्षा तुम्ही दिली नसेल तर विरोधक देईल आणि अहवाल घेऊन येईल. दोन, सगळे प्रयोग बीकरमधल्या ताज्या द्रावणावर. उत्पादनात काही आठवड्यांतच बाथमध्ये झिंक विरघळून साठतं, तळाशी पडलेल्या बोल्टमधून आणि प्लेटिंग न चढलेल्या आतल्या भागातून लोखंड उतरतं, रंग पिवळसर पडतो आणि तास घसरतात. मुद्दाम झिंक आणि लोखंड मिसळून जुन्या केलेल्या बाथचेही आकडे द्या. बॅरल आणि रॅकचेही (भाग टांगून केलेल्या प्लेटिंगचे) वेगळे द्या, बॅरलमध्ये भाग एकमेकांवर घासून फिल्म ओरखडली जाते आणि निकाल खाली येतात.

‘बोल्टवर दिसत नाही’ हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा. पण तो पेटंटविरुद्ध नाही, वाईट लिहिलेल्या क्लेमविरुद्ध आहे. ‘अमुक पीएचला, अमुक तापमानाला, अमुक सेकंद बुडवण्याची पद्धत’ एवढाच क्लेम असेल तर तुम्ही म्हणता तसंच होतं, शेजारी टाकीपाशी उभं राहू देणार नाही. पण थर बोलतो. एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी थर तपासणाऱ्या यंत्रावर) झिंकची जाडी आणि झिंक-निकेल असेल तर निकेलचं प्रमाण पाच मिनिटांत कळतं. पॅसिव्हेशनची जाड फिल्म काहीशे नॅनोमीटरची असते. तिचा काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसतो, ग्लो डिस्चार्जने (थर हळूहळू उडवत जाणाऱ्या तपासणीने) कोणत्या खोलीवर कोणतं मूलद्रव्य आहे त्याचा आलेख निघतो. कोबाल्ट आहे की नाही, सिलिका फिल्मच्या आत मुरली आहे की वर बसली आहे, हे लपत नाही. म्हणून पहिला क्लेम थराचा किंवा थर दिलेल्या भागाचा, दुसरा द्रावणाचा, तिसरा पद्धतीचा. द्रावणाचा क्लेम विसरू नका. तो नसेल तर तयार केमिकल कॅनमध्ये भरून विकणारा थेट सापडत नाही आणि तुम्ही दहा जॉबवर्कवाल्यांच्या मागे धावत बसता.

पद्धतीच्या क्लेमलाही दात आहेत. कलम ४८ नुसार त्या पद्धतीने थेट मिळालेला माल विकणं आणि आयात करणं हेही उल्लंघनच, म्हणजे बाहेरून प्लेटिंग करून आणलेले भागही त्यात येतात. आणि कलम १०४-ए खाली, समोरच्याचा माल तुमच्या पद्धतीतून निघणाऱ्या मालाशी हुबेहूब आहे हे तुम्ही आधी दाखवलं, तर न्यायालय ‘माझी पद्धत वेगळी आहे’ हे सिद्ध करायला त्यालाच सांगू शकतं. त्यासाठी माल तरी नवा हवा, किंवा तुम्ही वाजवी प्रयत्न करूनही त्याची पद्धत कळली नाही आणि ती तुमचीच असण्याची दाट शक्यता आहे, हे दाखवावं लागतं. म्हणून तयारी आधीपासून ठेवा. बाजारातून माल बिलावर विकत घ्या, पाकीट सीलबंद ठेवा, निम्मे नग न उघडता जपा, एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेतून अहवाल घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर दावा उभा राहत नाही.

आकड्यांच्या मर्यादांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. क्रोमियम लिटरला अर्धा ते पन्नास ग्रॅम असा ऐसपैस क्लेम टाकला की जुनी पेटंटं त्याच्या पोटात येतात आणि तो पडतो. नेमका ३.२ ग्रॅम लिहिला तर शेजारी ३.६ ठेवून हसतो. रुंद मर्यादा मुख्य क्लेममध्ये आणि तिच्या आत पायरीपायरीने अरुंद होत जाणाऱ्या मर्यादा अवलंबून असलेल्या क्लेममध्ये, शिवाय प्रत्येक टोकाजवळ एक तरी प्रत्यक्ष प्रयोग, असा अर्ज असावा. नंतर क्लेम आकुंचित करता येतो, रुंदावता येत नाही. कलम ५९ ते करू देत नाही.

अठरा महिन्यांनी जाहीर होतं, हे खरंच आहे. वर उत्तम पद्धत लिहिणंही बंधनकारक आहे. अर्धी रेसिपी लपवून घेतलेलं पेटंट त्याच कारणावरून रद्द होऊ शकतं. पण लिहायचं ते क्लेम केलेल्या शोधाबद्दल आणि अर्जाच्या दिवशी माहीत असलेलं. अर्जानंतर वर्षभरात अ‍ॅम्पिअर-तासांवर (वाहिलेल्या विजेवर) बसवलेला डोसिंगचा (रसायन घालण्याचा) हिशोब, कुठल्या पुरवठादाराच्या कोणत्या लॉटमध्ये अशुद्धी येते ही वही, जिगची ठेवण, हे सगळं कुलपात राहू शकतं आणि राहावं. मालावर जे दिसतं ते पेटंटला, टाकीपाशी राहतं ते कुलपाला.

तसं कुलूपही तुम्हाला वाटतं तितकं पक्कं नाही. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, सगळी भिस्त करारावर आणि विश्वासभंगाच्या तत्त्वावर. वाहन कंपनीला भाग द्यायचा तर पीपीएपीच्या (भाग मंजूर करून घेण्याच्या) फाइलमध्ये कंट्रोल प्लॅन जातो, त्यात पीएच, तापमान, वेळ, तपासणीची वारंवारता सगळं असतं. आणि केमिस्ट नोकरी बदलतो. त्याचं नाव शोधक म्हणून येणार असेल तर हक्क कंपनीकडे सोपवल्याचा लेखी दस्त तो नोकरीत असतानाच करून घ्या. केमिकल पुरवठादाराच्या माणसाबरोबर मिळून शोध लावला असेल तर आणखी सावध राहा. दोघे सहमालक झालात आणि करार नसेल तर एकमेकांच्या संमतीशिवाय कोणालाच परवाना देता येत नाही, पण स्वतः वापरायला दोघेही मोकळे.

खर्चाचं म्हणाल तर उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या कंपनीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, तपासणीची विनंती ४,००० रुपये. मोठ्या कंपनीला तेच ८,००० आणि २०,०००. तीस पानांच्या आणि दहा क्लेमच्या वर गेलात की जादा. खरा खर्च पेटंट एजंटचा आणि चाचण्यांचा. तपासणीची विनंती आता अग्रक्रम तारखेपासून (पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिन्यांत करावी लागते, पूर्वीचे ४८ महिने डोक्यात ठेवून बसू नका. महाराष्ट्र-गोव्यातल्या अर्जदाराचं कार्यालय मुंबईचं. परदेशात आधी अर्ज करायचा विचार असेल तर कलम ३९ ची परवानगी लागते, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा. पेटंट मिळालं की क्रमांक खोक्यावर आणि बिलावर छापा. नुसतं ‘पेटंटेड’ लिहून भागत नाही. क्रमांक नसेल तर समोरचा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून नुकसानभरपाईतून सुटू शकतो, आणि छोट्या बोल्टवर क्रमांक छापणं अवघड असतं.

राहिली तुमची दोन वर्षं चालू असलेली टाकी. तिच्यातल्या द्रावणासाठी आता अर्जावर पैसे घालवू नका. ते गुपितच ठेवा, फक्त नीट ठेवा : दोन घटक वेगवेगळ्या जागी प्रीमिक्स करून कोड नावाने टाकीपाशी येऊ द्यात, पूर्ण प्रमाण एकाच माणसाच्या वहीत नको, आणि प्रत्येकाच्या नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम घाला. प्रतिक्रियेत ज्या झिंक-निकेलवरच्या नव्या टॉपकोटचा उल्लेख केलात, त्याचं मात्र उत्पादन सुरू झालेलं दिसत नाही. त्याची चार पॅनेलवाली चाचणी याच महिन्यात लावा, आणि पहिलं बिल फाडायच्या आधी तात्पुरता अर्ज मुंबईला जाऊ द्या.