आवाज त्याचाच आहे ना?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर दर निवडणुकीत नव्याने उगवतो: "माणूस खोटं बोलेल, व्हिडिओ नाही. आवाज त्याचाच, तोंड त्याचंच. पकडले गेले की सगळेच म्हणतात, संदर्भ तोडला." खाली अंगठ्यांची रांग.

"आवाज त्याचाच." असेल की. पण मराठीत काय, हिंदीत काय, नकार येतो वाक्याच्या शेपटीला. मराठीत तर "असं ते म्हणाले" हेही बहुतेक वेळा तिथेच. परवा आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या मेव्हण्याला फोनवर रेकॉर्ड केलं: "पार्किंगचे पैसे वाढवा, असं मी मेलो तरी म्हणणार नाही." मग व्हिडिओच्या पट्टीचं टोक बोटाने 'वाढवा'पर्यंत मागे ओढलं. उरलं, "पार्किंगचे पैसे वाढवा." आवाज त्याचाच, तोंड त्याचंच. ऐकून स्वतःच दचकला.

नोव्हेंबर 2017 मध्ये गुजरातेतल्या पाटणच्या सभेनंतर राहुल गांधींचं हेच झालं. एका बाजूने बटाटा घाला, दुसऱ्या बाजूने सोनं निघेल, अशा यंत्राची क्लिप देशभर फिरली. हे शब्द माझे नाहीत, नरेंद्र मोदींचे आहेत, हे त्यांचं पुढचंच वाक्य छाटलेलं होतं. (मोदी खरंच तसं बोलले होते का, हा प्रश्न वेगळा. क्लिप कापली गेली म्हणून गांधींचा आरोप आपोआप खरा ठरत नाही.)

"कुठे कट दिसतोय का?" दिसायलाच हवा असं नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेल्या कुणालाही विचारा: मध्ये दोन सेकंद टाळ्या वाजवणारी गर्दी टाकली की सांधा झाकला जातो. कधी तर कापावंही लागत नाही. मे 2019 मध्ये अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसींच्या भाषणाचा वेग सुमारे 75 टक्क्यांवर आणला गेला. बाई प्यायल्यासारख्या वाटू लागल्या.

"सगळेच म्हणतात, संदर्भ तोडला." इथे मात्र पाठवणाऱ्याचं निम्मं बरोबर आहे. ही सबब नेत्यांनी वापरून गुळगुळीत केली आहे. पण कधी ती खरीही निघते. एप्रिल 2024 मध्ये अमित शहा सगळंच आरक्षण रद्द करणार अशी क्लिप फिरली. मूळ भाषण एप्रिल 2023 चं, तेलंगणातलं. त्यात मुस्लिम आरक्षण काढून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना हक्क देण्याची भाषा होती. ती पटो न पटो, क्लिपमध्ये होती ती नव्हे. त्या क्लिपबद्दल दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

राहिला नेत्यांचा दुटप्पीपणा पकडण्याचा मुद्दा. विरोधात असताना 'भाडेवाढ', सत्तेत आल्यावर तीच 'भाडेसुधारणा'. हे पकडायचं तर दोन्ही वाक्यं पुरती हवीत, तारखेसकट. छाटलेल्या क्लिपा फिरवल्या की असल्या नेत्याचंच फावतं: उद्या त्याचं खरं बोलणं समोर ठेवलं तरी तो म्हणणार, हेही कापलेलंच.

"तासाभराचं भाषण बघायला वेळ कुणाला?" तासभर कशाला? क्लिपच्या आधीचं एक मिनिट आणि नंतरचं एक, एवढं पुरतं. तेवढाही नसेल तर पुढे ढकलायला तरी कुठून येतो?

मेव्हण्याची क्लिप नमुना म्हणून ग्रुपवर टाकतो म्हटलं, तर त्याने हात जोडले. "नको रे, रविवारी मीटिंग आहे."